उपग्रहचित्रांतून धुळीची वादळे कशी ओळखायची आणि पर्यावरणाच्या अभ्यासात कशी वापरायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळवंटातून उठून अरबी समुद्र ओलांडणाऱ्या धुळीबद्दल विद्यार्थी, हवामानाचे हौशी अभ्यासक आणि समुद्र, बर्फ, वनस्पती यांवर काम करणारे संशोधक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केले आहे. उदाहरणे मुख्यतः थर, सिंध, मकरान (पाकिस्तान-इराणचा किनारा), सिस्तान (इराण-अफगाणिस्तान सीमेवरचा प्रदेश) आणि अरबी समुद्र या पट्ट्यातली आहेत. सगळ्या उत्तरांना लागू असलेली एक गोष्ट आधीच सांगतो: एका चित्रावरून धूळ सिद्ध होत नाही. वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारी दोन मापने आणि जमिनीवरची एक नोंद एकमेकांशी जुळली, तरच निष्कर्ष लिहा.

१. उपग्रहाला धूळ दिसते, म्हणजे नेमके काय दिसते?

तीन वेगवेगळे परिणाम दिसतात. दृश्य प्रकाशात धूळ निळा रंग शोषते आणि लाल-पिवळा परत फेकते, म्हणून तिचा पट्टा पिवळट-तपकिरी दिसतो. अतिनील किरणांतही ती प्रकाश शोषते. स्वच्छ हवेने जेवढे किरण परत पाठवले असते त्यापेक्षा ते कमी येतात, आणि ही तूट मोजता येते. तिसरा परिणाम औष्णिक अवरक्त किरणांतला. धुळीतले क्वार्ट्झ आणि चिकणमातीची खनिजे ११ मायक्रॉनच्या आसपासचे किरण १२ मायक्रॉनपेक्षा जास्त अडवतात. पाण्याची वाफ आणि बर्फाचे पातळ ढग याच्या बरोबर उलट वागतात. म्हणून ११ मायक्रॉनच्या तापमानातून १२ मायक्रॉनचे तापमान वजा केले, की दाट धुळीवर उत्तर उणे येते. पुढच्या बहुतेक उत्तरांत ही वजाबाकी पुन्हा येईल.

२. मला फक्त आज धूळ आहे का ते बघायचे आहे. प्रोग्रॅमिंग येत नाही. कुठे बघू?

नासाचे वर्ल्डव्ह्यू उघडा. खाते लागत नाही. नकाशा साधारण १५ ते ३० अंश उत्तर आणि ५५ ते ७७ अंश पूर्व एवढ्या चौकटीत आणा. नोआ-२० या उपग्रहावरच्या व्हिअर्स या उपकरणाचे खऱ्या रंगांचे चित्र लावा. त्यावर ओएमपीएस या उपकरणाचा एरोसोल इंडेक्स (अतिनील किरण शोषणाऱ्या कणांचा निर्देशांक, प्रश्न ७ पाहा) हा थर टाकून त्याची पारदर्शकता ५०-६० टक्क्यांवर ठेवा. मग तुलनेचा पर्याय वापरून आदल्या दिवसाचे चित्र शेजारी आणा. तपकिरी पट्टा हलला असेल आणि इंडेक्स त्याच जागी वाढला असेल, तर प्राथमिक उत्तर 'हो' समजायला हरकत नाही.

तिथून उतरवलेले चित्र पाहण्यासाठी आणि दाखवण्यासाठी ठीक आहे, मोजण्यासाठी नाही. त्यातले रंग डोळ्यांना बरे दिसावेत म्हणून ताणलेले असतात. आकडे हवे असतील तर मूळ फाइलच घ्यावी लागते.

३. इतके उपग्रह आहेत. कोणता घेऊ?

आधी प्रश्न ठरवा. 'वादळ कुठून उठले, किती वेगाने सरकले' हे हवे असेल तर भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीच्या एकाच भागावर कायम नजर ठेवणारा, लागतो. आपल्या भागासाठी सर्वांत सोयीचा आहे युमेटसॅट या युरोपीय संस्थेचा मेटिओसॅट-९. तो २०२२ पासून ४५.५ अंश पूर्वेवर आहे आणि दर १५ मिनिटांनी चित्र देतो. त्याआधी ही जबाबदारी ४१.५ अंशांवरच्या मेटिओसॅट-८ कडे होती. उपग्रहाच्या थेट खाली चित्रबिंदू ३ किलोमीटरचा असतो, मुंबईपर्यंत येताना तिरकसपणामुळे तो मोठा होतो. जपानचा हिमावारी १४० अंशांच्या पुढे आहे. त्याच्या चित्रात पश्चिम भारत अगदी कडेला येतो, म्हणून या कामात त्याच्या वाटेला जाऊ नका.

धूळ किती दाट, कुठपर्यंत पसरलेली हे हवे असेल तर ध्रुवीय उपग्रह, म्हणजे ध्रुवांवरून पृथ्वीभोवती फिरणारे, घ्या: टेरा आणि अॅक्वावरचा मोडिस, सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१ वरचा व्हिअर्स. ते दिवसा एकदा आणि रात्री एकदा डोक्यावरून जातात. मोडिसला एका फेरीत दिसणारा पट्टा २,३३० किलोमीटर रुंद असतो. विषुववृत्ताजवळ शेजारशेजारच्या पट्ट्यांत फटी राहतात आणि नेमके वादळ फटीत सापडते. व्हिअर्सचा पट्टा ३,००० किलोमीटरहून रुंद असल्याने ही अडचण येत नाही.

ढगांच्या वरची धूळ पाहायला सेंटिनेल-५पी वरचा ट्रोपोमी, आणि जमिनीवरचे कोरडे तळे किंवा उघडे शेत ओळखायला सेंटिनेल-२ व लँडसॅट. शेवटचे दोन वादळ पकडण्यासाठी वापरू नका. सेंटिनेल-२ पाच दिवसांनी येतो आणि वादळ तोवर ओसरलेले असते.

४. इन्सॅट आपलाच आहे. मग सगळे मेटिओसॅटचेच 'डस्ट आरजीबी' का वापरतात?

डस्ट आरजीबी म्हणजे औष्णिक वाहिन्यांची (ठरावीक तरंगलांबीच्या मापनांची) तापमाने आणि त्यांतले फरक लाल, हिरव्या, निळ्या रंगांत मांडून बनवलेले चित्र. इन्सॅट-३डी, ३डीआर आणि २०२४ मध्ये अवकाशात गेलेला ३डीएस या तिघांच्या इमेजरमध्ये सहा वाहिन्या आहेत. त्यांत ८.७ मायक्रॉनची वाहिनी नाही, आणि डस्ट आरजीबीचा हिरवा रंग तिच्यावरच उभा आहे. पण इन्सॅटकडे १०.३ ते ११.३ आणि ११.५ ते १२.५ मायक्रॉन अशा दोन औष्णिक वाहिन्या ४ किलोमीटर तपशिलाने आहेत. प्रश्न १ मधली वजाबाकी त्यांवर उत्तम होते. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या मोसडॅक संकेतस्थळावर नोंदणी करून हा डेटा फुकट मिळतो. शिवाय भारताकडे पाहण्याचा कोन मेटिओसॅटपेक्षा सरळ असल्यामुळे राजस्थान आणि विदर्भाच्या बाजूला जागा अधिक अचूक लागते. इन्सॅटला दुय्यम समजून बाजूला ठेवणे चूक आहे. दोन्ही लावून पाहा.

५. डस्ट आरजीबी स्वतः बनवायचे आहे. आकडे द्या, आणि रंग कसे वाचायचे तेही सांगा.

लाल: १२.० उणे १०.८ मायक्रॉन, मर्यादा उणे ४ ते अधिक २ केल्विन.
हिरवा: १०.८ उणे ८.७ मायक्रॉन, मर्यादा ० ते १५ केल्विन, गॅमा २.५.
निळा: १०.८ मायक्रॉनचे तापमान, मर्यादा २६१ ते २८९ केल्विन.

लक्षात घ्या, इथे लाल रंगासाठी वजाबाकी उलटी आहे. प्रश्न १ मध्ये ११ मधून १२ वजा केले होते, इथे १२ मधून १०.८. पहिल्यांदा करणाऱ्यांची निम्मी चित्रे याच कारणाने बिघडतात: धुळीचा लाल रंग जातो आणि सिरस (उंच, पातळ बर्फाचे) ढग लालभडक होतात.

दिवसा धूळ गडद गुलाबी दिसते. रात्री जमीन थंडावते, निळा उतरतो आणि तीच धूळ जांभळट-लालसर होते. जाड, उंच बर्फाचे ढग विटकरी तांबडे, मधल्या उंचीचे ढग मातकट पिवळे, पातळ सिरस काळपट. एकट्या चित्रावर थांबू नका, निदान सहा तासांची मालिका चालवून पाहा. धुळीची कडा सरकते, जमिनीचा रंग जागेवर राहतो.

पायथनमध्ये करायचे असेल तर सॅटपाय या लायब्ररीत मेटिओसॅटसाठी 'डस्ट' हे मिश्रण तयारच मिळते. मोडिसच्या फाइली जुन्या एचडीएफ-४ प्रकारच्या असतात. त्या उघडताना 'फाइल ओळखता येत नाही' असा संदेश आला तर पायएचडीएफ ही लायब्ररी बसवलेली नसते, फाइल खराब नसते.

६. खऱ्या रंगांच्या चित्रात मला तपकिरी पट्टा दिसतो. धूळच आहे ना?

समुद्रावर असेल तर आधी खंबातच्या आखाताची आठवण ठेवा. तिथले पाणी भरती-ओहोटीने कायम गढूळ असते आणि उपग्रहातून हुबेहूब धुळीसारखे दिसते. सिंधूच्या मुखाजवळही तसेच. ओळखायची खूण अशी: गाळ किनाऱ्याच्या आकाराला धरून असतो, तिथेच राहतो आणि त्यावरून ढग स्वच्छ पांढरे दिसतात. धूळ किनारा, बेटे, जमीन काही न बघता सगळ्यांवरून पसरते आणि खालच्या ढगांनाही मळकट करते. औष्णिक वजाबाकीत गाळ दिसतच नाही, कारण तो पाण्यात आहे.

कच्छचे रण पांढरेफटक असते, कोरड्या दिवसांत त्यावर मीठ असते, आणि हौशी मंडळी ते धुळीचे उगमस्थान म्हणून लाल वर्तुळात घालतात. उगम ठरवायचा तर प्रश्न १४ पाहा.

हिवाळ्यात गंगेच्या खोऱ्यावरचा करडा थर म्हणजे धुके आणि धूर. तिथे अँगस्ट्रॉम घातांक बघा. हा आकडा कणांचा आकार सुचवतो: साधारण ०.५ च्या खाली असेल तर मोठे कण, म्हणजे धूळ किंवा समुद्री मीठ. १ च्या वर असेल तर बारीक कण, म्हणजे धूर आणि शहरी प्रदूषण. मधले आकडे आले तर मिश्रण आहे असेच लिहा.

सूर्याचे पाण्यावरचे प्रतिबिंबही फसवते. अरबी समुद्रावर एप्रिलपासून पावसाळ्यापर्यंत उपग्रहाच्या फेरीच्या पट्ट्याच्या मध्याजवळ रुपेरी डाग दिसतो, आणि त्या जागी एरोसोल इंडेक्सही खोटा वाढतो. म्हणजे 'दोन मापने जुळली' असे वाटते, पण दोन्ही एकाच कारणाने चुकलेली असतात. अशा वेळी औष्णिक वाहिनीची साक्ष घ्या.

७. एओडी आणि एरोसोल इंडेक्स एकच का?

नाही. एओडी म्हणजे जमिनीपासून आकाशापर्यंतच्या हवेतले कण मिळून प्रकाश किती अडवतात त्याचे माप. ०.१ म्हणजे स्वच्छ हवा, १ म्हणजे आकाश पांढुरके, २ च्या पुढे सूर्य फिकट तबकडीसारखा दिसतो. सर्व प्रकारचे कण यात धरले जातात.

एरोसोल इंडेक्स फक्त अतिनील किरण शोषणाऱ्या कणांना ओळखतो: धूळ, धूर, ज्वालामुखीची राख. त्याला एकक नाही. अधिक आकडा म्हणजे शोषक कण, शून्याच्या आसपास किंवा उणे म्हणजे ढग किंवा न शोषणारे कण. ढगांच्या वर आणि चमकत्या वाळवंटावरही तो चालतो, हा त्याचा मोठा गुण. दोष असा की थर जितका उंच तितका आकडा मोठा येतो. जमिनीलगतच्या एक-दीड किलोमीटरमधली दाट धूळ त्याला जवळजवळ दिसत नाही. म्हणून इंडेक्स ४ आणि इंडेक्स २ यांवरून 'दुप्पट धूळ' असे कधीही लिहू नका.

८. एओडीच्या नकाशात वादळाच्या मधोमधच रिकामी जागा आहे. डेटा खराब आहे का?

खराब नाही, गाळलेला आहे. एओडी काढणारी गणिते आधी ढग हटवतात आणि अतिदाट धुळीला ती ढग समजतात. कडांवर १.५, २ असे आकडे आणि जिथे खरा जोर तिथे काहीच नाही, असे होते. यातून मोठी चूक जन्मते: महिन्याची सरासरी काढताना सर्वांत वाईट दिवस सर्वांत वाईट जागी गणतीतच नसतो आणि धुळीचा महिना बरा दिसतो.

उपाय तीन. वाळवंटासाठी बनवलेले 'डीप ब्लू' उत्पादन घ्या, ते ०.४१ मायक्रॉनच्या आसपास बघते, जिथे वाळू काळसर असते. रिकाम्या चित्रबिंदूंची संख्या सरासरीसोबत छापा. आणि पोकळीत प्रश्न १ ची वजाबाकी करून धूळ की ढग ते ठरवा.

एक किलोमीटर तपशिलाचे मेइअॅक हे एओडी उत्पादन वापरत असाल, तर कच्चा आकडा ०.००१ ने गुणायला विसरू नका. नकाशावर ८५० दिसले तर ते ०.८५ आहे. गुणवत्तेचे बिट (प्रत्येक बिंदूसोबतची विश्वासार्हतेची खूण) तपासा, पण फक्त 'सर्वोत्तम' ठेवलेत तर धुळीचे बरेच बिंदू गळतात. दोन्ही प्रकारे मोजून फरक बघा.

९. डोळ्यांना धूळ स्पष्ट दिसते, पण ११ मधून १२ मायक्रॉन वजा केले तरी उत्तर उणे येतच नाही. का?

बहुतेक वेळा दोष दमट हवेचा असतो. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावर वाफ इतकी असते की तिचा अधिक परिणाम धुळीच्या उणे परिणामाला खाऊन टाकतो. 'शून्याखाली म्हणजे धूळ' हा नियम हिवाळ्यात सिंध-राजस्थानवर चालतो, पावसाळ्यात कोकणासमोर चालत नाही. योग्य पद्धत अशी: त्याच जागेच्या, त्याच वेळेच्या मागच्या १०-१५ स्वच्छ दिवसांची वजाबाकी काढा आणि आजचा आकडा त्यापेक्षा किती घसरला ते मोजा. अधिक २ वरून अधिक ०.५ वर आला असेल, तर तो अजून अधिक असला तरी घसरण बोलकी आहे.

दुसरे कारण, थर जमिनीला चिकटून असेल तर धूळ आणि जमीन यांचे तापमान सारखेच राहते आणि औष्णिक फरक पडत नाही. तिसरे, धूळ फार पातळ. तिथे ट्रोपोमी किंवा एओडीवर विसंबा.

१०. उलट अडचण: थरच्या वाळवंटावर वादळ नसतानाही वजाबाकी रोज धूळ दाखवते.

क्वार्ट्झची वाळू जमिनीवर पडलेली असली तरी क्वार्ट्झच असते, आणि कोरड्या हवेत तिची वजाबाकी धुळीसारखी येऊ शकते. मोडिसच्या ७ व्या आणि ३ ऱ्या वाहिनीवरून काढला जाणारा धूळ-निर्देशांक, म्हणजे दोघांचा फरक भागिले बेरीज, यालाही हाच रोग आहे. मूळ पद्धतीत ०.२८ च्या वर धूळ मानतात; उघडी वाळूही त्याच्या वर जाते. समुद्रावर तो छान चालतो. जमिनीवर ११ मायक्रॉनच्या तापमानाची जोड द्या: हवेतली धूळ दिवसा तापलेल्या वाळूपेक्षा थंड असते. पार्श्वभूमी वजा करण्याची प्रश्न ९ ची पद्धत इथेही लागू.

११. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईवर आलेली धूळ सराव म्हणून तपासायची आहे. क्रम सांगाल?

सरावासाठी यापेक्षा चांगली घटना सापडणे कठीण. २२ जानेवारीला कराचीत धुळीचे वादळ झाले आणि २३ ला, रविवारी, मुंबईत दृश्यमानता घसरली, गाड्यांवर पांढरट भुकटी बसली. पश्चिमी विक्षोभामागून आलेल्या वायव्य वाऱ्यांनी ती धूळ समुद्रावरून आणली.

आधी २१ ते २४ जानेवारीची व्हिअर्स आणि मोडिसची खऱ्या रंगांची चित्रे ओळीने पाहा. पुढे ढगांचा पट्टा, त्यामागे धूळ अशी रचना शोधा. थंड हवेच्या आघाडीमागून धूळ येते तेव्हा हीच मांडणी असते. मग मेटिओसॅट-८ चे डस्ट आरजीबी २२ च्या पहाटेपासून १५-१५ मिनिटांनी चालवा आणि धुळीची पुढची कडा दर तीन तासांनी नकाशावर खुणा करून ठेवा. दोन खुणांमधले अंतर भागिले वेळ हा वेग झाला. तो त्या उंचीवरच्या वाऱ्याशी जुळतो का ते पाहा. जुळत नसेल तर तुम्ही धुळीऐवजी ढगाची कडा धरली आहे.

त्यानंतर हायस्प्लिट या हवेचे मार्ग काढणाऱ्या साधनावर मुंबईपासून मागे ४८ तासांचे वाऱ्याचे मार्ग काढा, ५००, १,००० आणि १,५०० मीटर उंचीवर. एक रेघ म्हणजे पुरावा नव्हे. सुरुवातीची वेळ दोन-दोन तासांनी बदलून दहा-बारा रेघा काढा आणि त्या एकत्र राहतात की विस्कटतात ते बघा.

शेवटी जमिनीवरची नोंद. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरून मुंबईच्या केंद्रांचे तासागणिक पीएम १० आणि पीएम २.५ (१० आणि २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे प्रमाण) उतरवा आणि दुसऱ्याला पहिल्याने भागा. शहरी धुरात हे गुणोत्तर ०.५ च्या आसपास असते. वाळवंटी धूळ आली की पीएम १० उसळते आणि गुणोत्तर ०.३ कडे किंवा त्याखाली घसरते. ही घसरण एकामागून एक केंद्रांवर दिसली तर बांधकामाच्या स्थानिक धुळीची शंका फिटते. पुण्याला उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत एरोनेट या जागतिक मापन-जाळ्याचे सूर्यमापक आहे. त्याचा अँगस्ट्रॉम घातांकही तपासा, मात्र ढगाळ दिवशी त्याची नोंद नसते.

सावधगिरीची एक गोष्ट: पीएम १० मोजणारी अनेक यंत्रे १,००० मायक्रोग्रॅमच्या आसपास अडकतात. आलेख वर जाऊन सपाट झाला असेल तर तो सपाट भाग खरा नाही.

१२. मग १३ मे २०२४ चे मुंबईतले धुळीचे वादळ उपग्रहात का सापडत नाही?

कारण ते वेगळ्या जातीचे होते. घाटकोपरला जाहिरातीचा फलक कोसळला त्या दुपारची धूळ गडगडाटी ढगातून खाली आदळलेल्या वाऱ्याने जागच्या जागी उडवली होती. असा झोत थोड्या किलोमीटरच्या पट्ट्यात, थोडा वेळ टिकतो आणि त्याच्या डोक्यावर त्याच ढगाचा विस्तीर्ण बर्फाळ माथा पसरलेला असतो. उपग्रहाला माथा दिसतो, खालची धूळ नाही. इथे कुलाबा आणि वेरावलीच्या डॉप्लर रडारांकडे जा. झोताची कडा रडारवर पातळ रेघेसारखी दिसते. २ मे २०१८ ला राजस्थान आणि उत्तर प्रदेशात शंभराहून अधिक बळी घेणारी आंधीही गडगडाटी वादळांचीच होती. अशा घटना आणि समुद्रापलीकडून आलेली धूळ एकाच तक्त्यात 'धुळीची वादळे' म्हणून मोजल्या, तर पुढचे सगळे विश्लेषण गढूळ होते.

१३. एओडी २ आहे, पण आमच्या गावच्या केंद्रावर पीएम १० साधेच. कोण खोटे?

कोणीच नाही. एओडी संपूर्ण हवेच्या स्तंभाचे माप आहे, केंद्र नाकाच्या उंचीवरची हवा मोजते. मान्सूनपूर्व महिन्यांत धूळ २ ते ४ किलोमीटरवरून निघून जाते आणि खाली पत्ता नसतो. उंची कळायला लेझर उपग्रह लागतो: २००६ ते २०२३ साठी कॅलिप्सो, २०२४ पासून अर्थकेअर. त्यांची नजर जमिनीवर एका अरुंद रेघेपुरती असते, त्यामुळे तुमच्या गावावरून ती रेघ गेलेली असणे हा योगच. गेली असेल तर परत आलेल्या प्रकाशाचे ध्रुवीकरण बघा. धुळीचे कण ओबडधोबड असल्याने ते बदलतात; गोल थेंब बदलत नाहीत.

१४. धूळ उठली ती नेमकी जागा कशी शोधायची?

भूस्थिर मालिका उलटी चालवा. पट्टा मागे मागे जात जिथे टोकदार होतो आणि त्यामागे काही उरत नाही, ते उगमाचे टोक. पहिले दृश्य टोक आणि खरी जागा यांत काही किलोमीटरचा फरक असतो, कारण धूळ दिसण्याइतकी दाट व्हायला वेळ लागतो. वाऱ्याच्या दिशेने तेवढे मागे सरका आणि तिथे सेंटिनेल-२ किंवा लँडसॅटचे आदल्या आठवड्यातले स्वच्छ चित्र उघडा. बहुतेक वेळा सुकलेले तळे, नदीचे जुने पूरमैदान किंवा पडीक शेत सापडते. उंच वाळूचे ढिगारे क्वचितच. त्यांतली जाड वाळू लांब जात नाही, बारीक गाळ जातो.

सिस्तान हे याचे ठळक उदाहरण. इराण-अफगाणिस्तान सीमेवरची हामून तळी हेलमंद नदीवर जगतात. १९९९ नंतरच्या दुष्काळात ती आटली, तळ उघडा पडला आणि उन्हाळ्यात तिथे वाहणाऱ्या 'एकशेवीस दिवसांच्या वाऱ्या'ने तो गाळ दक्षिणेकडे, थेट अरबी समुद्रापर्यंत नेला. १९८४ पासूनचे ३० मीटर तपशिलाचे जागतिक भूपृष्ठजल नकाशे फुकट आहेत. त्यांवर पाण्याचे क्षेत्र दरवर्षी मोजा आणि शेजारी धुळीच्या दिवसांची संख्या ठेवा. पाणथळ जागा गेल्याची किंमत किती दूरवर मोजली जाते, हे अशा मांडणीतून दिसते, आणि धोरणाच्या चर्चेत हेच चित्र कामी येते.

१५. धुळीनंतर अरबी समुद्रात प्लवक वाढतात असे वाचले. हरितद्रव्याच्या नकाशावर ते दाखवता येईल का?

येईल, पण आमच्याकडे येणाऱ्या आराखड्यांत सर्वांत जास्त चुका इथेच असतात. कल्पना खरी आहे: धुळीतले लोह आणि इतर पोषके समुद्रात पडतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ओमानच्या बाजूला लोह अपुरे पडत असल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. मात्र अरबी समुद्रात सगळीकडे, बाराही महिने लोहाचीच टंचाई असते असे नाही. पुष्कळ ठिकाणी नायट्रोजन आधी संपतो.

पहिला सापळा मापनाचा. हवेत धूळ असताना समुद्राच्या रंगातला निळा भाग कमी भासतो आणि गणित त्याचा अर्थ 'हरितद्रव्य जास्त' असा लावते. म्हणून वादळाच्या दिवशी आणि लगेच नंतर दिसणारी वाढ धरू नका. एओडी पूर्वपदावर आल्यावरच मोजा. आठ दिवसांचे संमिश्र चित्र वापरताना त्यात धुळीचे दिवस मिसळलेले नाहीत ना, हे बघा. मोडिसचे प्रतिदीप्ती (हरितद्रव्य स्वतः परत सोडते तो क्षीण प्रकाश) उत्पादन शेजारी लावा; हरितद्रव्य वाढले आणि प्रतिदीप्ती हललीच नाही, तर संशय घ्या.

दुसरा सापळा कारणाचा. ज्या वाऱ्याने धूळ आणली त्यानेच समुद्र घुसळला, पृष्ठभाग थंड केला आणि खालची पोषके वर आणली. शिवाय जानेवारी ते मार्च उत्तर अरबी समुद्रात हिवाळी मिश्रणाने तसाही हिरव्या नॉक्टिल्युका या प्लवकाचा बहर येतो. म्हणून पृष्ठतापमान सोबत मोजा, आणि जिथे वारा तेवढाच होता पण धूळ नव्हती अशी शेजारची चौकट तुलनेला घ्या. दोन्ही चौकटींत सारखीच वाढ असेल तर श्रेय धुळीचे नाही. जैविक संवेदक असलेले आर्गो तरंगते (समुद्रात वर-खाली जाऊन मोजणारी यंत्रे) जवळपास असतील तर त्यांची खोलीनुसार नोंद कोणत्याही चित्रापेक्षा मोलाची आहे.

१६. पानांवर बसलेली धूळ एनडीव्हीआयमध्ये (वनस्पतींच्या हिरवेपणाच्या निर्देशांकात) दिसते का?

दिसते; पान धुळीने माखले की लाल परावर्तन वाढते, जवळचे अवरक्त घटते आणि एनडीव्हीआय उतरतो. पण मोडिसचे १६ दिवसांचे उत्पादन उत्तम दिवस निवडून बनते, म्हणजे तुम्हाला हवे तेच दिवस ते टाकून देते. सेंटिनेल-२ ची एकेका तारखेची चित्रे घ्या, आणि हवा स्वच्छ असेल तेव्हाचीच, नाहीतर हवेतली धूळ पानावरची म्हणून मोजली जाईल. पहिल्या सरीच्या आधीचे आणि नंतर दोन-तीन दिवसांतले चित्र ही जोडी सर्वांत चांगली. त्याहून उशीर केला तर पालवीची वाढ मिसळते.

१७. हिमालयाच्या बर्फावरची धूळ?

धूळ बर्फाला दृश्य प्रकाशात काळवंडते. बर्फाचे कण जुने होऊन मोठे झाले तर जवळच्या अवरक्त किरणांत घट येते. म्हणून ०.५ मायक्रॉनच्या आसपासची घट धुळीकडे आणि ०.८६ च्या पुढची घट जुनेपणाकडे बोट दाखवते. एप्रिल-मेमधली थरची धूळ पश्चिम हिमालयात पोचते, नेमकी वितळण्याच्या सुरुवातीला. काजळीही हेच करते. उपग्रहावरून दोघी वेगळ्या करणे अवघड असल्याने बर्फाचा नमुना आणल्याशिवाय 'धुळीमुळे इतके वितळले' असा दावा करू नका.

१८. चौरस मीटरवर किती धूळ पडली, हे उपग्रह सांगेल का?

थेट नाही. उपग्रह हवेतली धूळ बघतो, पडलेली नाही. मेरा-२ सारखे पुनर्विश्लेषण, म्हणजे मापने आणि हवामानाचे गणिती मॉडेल जोडून बनवलेला डेटा, १९८० पासून कोरडे आणि पावसासोबतचे निक्षेपण (धूळ खाली बसणे) तासागणिक देते, कणांच्या पाच आकारगटांत. एकक किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति सेकंद असते. पाचही गट आणि सर्व प्रकार बेरजेत घ्या. फक्त पहिला गट घेऊन आलेले हास्यास्पद छोटे आकडे सर्रास दिसतात. चौकट मुंबईजवळ साधारण ५५ गुणिले ६५ किलोमीटर असते, म्हणून एका खाडीसाठी किंवा एका तळ्यासाठी तो आकडा वापरू नका.

जमिनीवर मोजायचे तर काचेच्या गोट्या अंथरलेले ताट उंचावर, झाडांपासून दूर ठेवा. गोट्यांच्या फटीत बसलेली धूळ वारा पुन्हा उडवत नाही. ठरलेल्या मुदतीने ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन, आधी वजन केलेल्या गाळणकागदावर घ्या, वाळवा आणि वजन करा. पक्ष्यांची विष्ठा आणि पालापाचोळा आधी काढा, नाहीतर फॉस्फरसचे आकडे फुगतात.

१९. गूगलच्या अर्थ इंजिनवर मोडिसचे परावर्तन वापरून धूळ-निर्देशांक काढला, धूळ येतच नाही.

तुम्ही बहुधा पृष्ठ-परावर्तनाचे उत्पादन घेतले आहे. त्यातून हवेचा परिणाम आधीच काढलेला असतो, आणि तुमची धूळ म्हणजे तोच परिणाम. धूळ शोधायला वातावरणाच्या माथ्यावरचे मूळ प्रारण लागते. मोडिसचे ते अर्थ इंजिनवर नाही. नासाच्या लाड्स संग्रहातून पाच-पाच मिनिटांच्या फाइली घ्याव्या लागतात. अर्थ इंजिनवर मेइअॅकचे एओडी, ट्रोपोमीचा इंडेक्स आणि मेरा-२ मात्र मिळतात, आणि प्राथमिक छाननीला ते पुरतात.

२०. वीस वर्षांत धूळ वाढली की घटली, हे एकाच मालिकेतून काढू का?

काढा, पण टेरा आणि अॅक्वाच्या कक्षा आता सरकल्या आहेत: टेरा पूर्वीपेक्षा लवकर येतो, अॅक्वा उशिरा. धुळीला दिवसाचा क्रम असतो, त्यामुळे वेळ बदलली की धूळ बदलल्यासारखी दिसते. २०२० नंतरच्या वर्षांसाठी व्हिअर्सचे डीप ब्लू सोबत ठेवा आणि दोन्ही उपलब्ध असलेली वर्षे एकमेकांवर ठेवून फरक तपासा. सरासरीऐवजी 'एओडी ०.८ च्या वर आणि घातांक ०.५ च्या खाली' अशा दिवसांची संख्या मोजलीत तर शहरी प्रदूषणातली वाढ धुळीच्या नावावर जमा होत नाही. दोन्ही उंबरठे थोडे वर-खाली करून कल टिकतो का तेही छापा.

२१. माझ्या तारखा एक दिवसाने चुकतात.

उपग्रहाच्या फाइली जागतिक वेळेत असतात, प्रदूषण मंडळाचे आकडे भारतीय वेळेत. दिवसाच्या फेरीत फरक पडत नाही. दुपारी दीड म्हणजे सकाळचे आठ, तारीख तीच. रात्री दीडची फेरी मात्र जागतिक वेळेत आदल्या दिवशीच्या रात्री आठची असते. आणखी एक: मोडिसच्या फाइलनावात महिना-तारीख नसते, वर्षातला कितवा दिवस ते असते. लीप वर्षात २९ फेब्रुवारीनंतरचे सगळे क्रमांक एकाने पुढे जातात, त्यामुळे २०२३ साठी लिहिलेला तक्ता २०२४ ला जसाच्या तसा वापरू नका.